पन्नास बिटांची पेटी नको, तुमच्या खाचेची तीन बिटं घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण राऊटरने सागाच्या लाकडात खाच कशी पाडायची ते बघितलं. व्हिडिओत हात दिसतो, मशीन दिसतं, पण हिशेब दिसत नाही. तो हिशेब इथं लिहितोय. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, जिथून कुठून तुम्ही हे वाचत असाल आणि स्वतःचं छोटं फर्निचर युनिट टाकायचा विचार करत असाल, तर खरेदीला निघण्याआधी एकदा वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुतारकामाचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्याने राऊटर बिटांचा मोठा सेट घेऊ नये. आपण कोणत्या वस्तू बनवणार ते आधी ठरवावं, त्या वस्तूंना किती रुंद खाच लागते ते बघावं, आणि फक्त तेवढीच, पण चांगली बिटं घ्यावीत. बहुतेकांचं काम तीन बिटांत भागतं. चौथं घ्यायचं ते त्याच तिनातलं एक, जादा म्हणून.

खाच दिसत नाही, पण धंदा तिच्यावर उभा आहे

शब्दांचा गोंधळ नको म्हणून एकदा सांगतो. एका लाकडात पाडलेला लांबट खड्डा म्हणजे खाच, इंग्रजीत मॉर्टाइज. दुसऱ्या लाकडाचं जे टोक तासून त्यात बसवतो त्याला कोणी कूस म्हणतं, आयटीआयची पोरं टेनन म्हणतात. मी इथं टेननच लिहितो.

साध्या पॅनेलच्या दाराला दोन उभ्या पट्ट्या आणि तीन आडव्या पट्ट्या धरल्या तर सहा सांधे झाले, म्हणजे सहा खाचा. खुर्चीला आठपासून पुढे कितीही. गिऱ्हाईक यातली एकही खाच बघत नाही. तो पॉलिश बघतो, नक्षी बघतो, हात फिरवून बघतो. पण दोन पावसाळे गेले की दार खाली ओघळतं, खुर्ची डुलते, पलंग करकरायला लागतो. तेव्हा त्याला पॉलिश आठवत नाही, तुमचं नाव आठवतं.

आपल्या भागात जाहिरात तोंडातोंडीच होते. लग्नसराईत एका घरी दिलेला पलंग वाजला, तर ती बातमी पुढच्या आठवडे बाजाराच्या आत तीन गावांत पोचते. आणि तुमची स्पर्धा शेजारच्या सुताराशी नाहीच. ती दुकानातल्या लोखंडी पलंगाशी आणि भुशाच्या बोर्डाच्या तयार कपाटाशी आहे. ते तुमच्यापेक्षा स्वस्त विकतात, लगेच देतात. तुमच्याकडे विकायला एकच गोष्ट जास्त आहे, घट्ट सांधा. म्हणून सांधा पाडणाऱ्या हत्याराची निवड हा मला धंद्याचा निर्णय वाटतो. तो दुकानदारावर सोडून चालत नाही.

जुन्या मिस्त्रींकडे किती पटाश्या होत्या?

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत तळोद्याची ओळख खानदेशातला लाकडाचा मोठा बाजार आणि चांगल्या बैलगाड्या बनवणारं गाव अशी आहे. बैलगाडीचं चाक आठवा. मधला तुंबा, त्यात गोलाकार पाडलेल्या खाचा, प्रत्येक खाचेत ठोकून बसवलेला आरा. एक खाच सैल झाली की सगळं चाक गेलं. लाकूड बाभळीसारखं कडक, आणि हातात फक्त पटाशी न् हातोडा.

अशा कारागिराच्या पेटीत पन्नास पटाश्या नसायच्या. ठरलेल्या रुंदीच्या मोजक्याच, पण रोज धार लावलेल्या. आणि महत्त्वाचं म्हणजे, खाचेची रुंदी पटाशीच्या रुंदीवरून ठरायची. पाऊण इंची पटाशी असेल तर खाच पाऊण इंची. मग आऱ्याचं टोक त्या मापाला तासायचं.

राऊटरचं बिट म्हणजे तीच पटाशी, फक्त फिरणारी. तिचं माप म्हणजे खाचेचं माप. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पन्नास बिटांच्या पेटीचा मोह अर्धा उतरतो.

पेटीत नेमकं असतं काय?

मोठा सेट उघडून बघा. गोल कडा करणारी बिटं, आत वळणारी नक्षी, तिरकी कड, व्ही आकाराची खाच, लॅमिनेट छाटायचं बेअरिंगवालं बिट, डव्हटेल. हे सगळं कडांचं आणि सजावटीचं काम. सरळ खाच पाडता येईल अशी बिटं त्यात थोडीच. त्यांचाही दांडा बहुतेक वेळा बारीक, कापणारा भाग आखूड, आणि कित्येकांच्या तळाला मधोमध धारच नसते.

म्हणजे तुम्ही पैसे पन्नास नगांचे देता आणि कामाला येतात दोन-तीन. बाकीचे पेटीत शोभून दिसतात. ज्याच्याकडे भांडवल मोकळं पडलंय त्याने घ्यावा, माझी हरकत नाही. पण ज्याने आईचे दागिने गहाण ठेवून नाहीतर बचत गटातून पैसे उचलून सुरुवात केलीय, त्याचा प्रत्येक रुपया कामाला लागला पाहिजे. नक्षीचं बिट नक्षीची ऑर्डर आल्यावर घ्या. तेव्हा त्याची किंमत त्या ऑर्डरमध्येच धरता येते.

खाचेसाठी बिट निवडताना सहा गोष्टी

याच क्रमाने बघा. दुकानदार किमतीपासून सुरुवात करेल, तुम्ही दांड्यापासून करा.

१) दांडा. बिटाचा जो भाग मशीनच्या कॉलेटमध्ये बसतो तो दांडा. बाजारात ६ मिमी, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ८ मिमी, १२ मिमी आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी असे दांडे मिळतात. ६ आणि ६.३५ डोळ्याला सारखेच दिसतात, पण सारखे नाहीत. १२ आणि १२.७ चंही तसंच. पाव इंची कॉलेटमध्ये ६ मिमीचा दांडा आवळला तर तो पकडल्यासारखा वाटतो, पण मिनिटाला वीस हजार फेऱ्यांवर तो सरकतो. खाच खोल होत जाते, नाहीतर बिट सुटून उडतं. म्हणून दुकानात जाताना आपल्या मशीनच्या कॉलेटचं माप वहीत लिहून न्या.

मशीन दोन्ही दांडे घेत असेल तर जाड दांडा घ्या. कारण साधं आहे. गोल सळईचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६ मिमीपेक्षा १२ मिमीचा दांडा दुप्पट जाड, पण सोळा पट ताठ. खाच पाडताना बिट लाकडात खोल असतं, दोन्ही बाजूंनी दाब असतो. बारीक दांडा तिथं थरथरतो, आणि थरथर म्हणजे वाकडी खाच.

२) तळाची धार. खाच पाडताना बिट वरून खाली लाकडात उतरवावं लागतं. त्यासाठी बिटाच्या तळाला, अगदी मध्यापर्यंत, कापणारी धार पाहिजे. बिट उलटं धरून बघा. तळाला मधोमध रिकामी जागा असेल आणि धार फक्त बाजूंना असेल, तर ते कडेने आत शिरायचं बिट आहे. ते सरळ खाली दाबलं तर मधलं लाकूड कापलं जात नाही, नुसतं घासलं जातं. धूर येतो, लाकूड काळं पडतं, बिटाचं पाणी उतरतं. दुकानात विचारायचा शब्द आहे ‘प्लंज कट’.

३) पीळ. सरळ धारेची बिटं असतात आणि पीळ असलेली स्पायरल बिटं असतात. स्पायरलमध्ये दोन जाती. ‘अपकट’ भुसा वर ओढून बाहेर टाकतं. ‘डाऊनकट’ भुसा खाली दाबतं. खाचेसाठी अपकट. खाच म्हणजे बंद खड्डा, भुसा बाहेर आला नाही तर तो आतच ठासला जातो, तापतो आणि बिट जाळतो. अपकटने वरची कड थोडी कुसळते हे खरं, पण ती कड टेननच्या खांद्याखाली झाकली जाते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. डाऊनकट चांगलंच बिट आहे, पण ते प्लायच्या वरच्या थराची कड स्वच्छ ठेवण्यासाठी.

स्पायरल महाग वाटत असेल तर तळाला धार असलेलं, दोन धारांचं सरळ कार्बाइड बिटही चालतं. मग दर फेरीला थांबून भुसा काढायची सवय ठेवा.

४) रुंदी. जुना नियम आजही चालतो. खाच लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवायची. १८ मिमी जाड पट्टीला ६ मिमी, २५ मिमीला ८ मिमी, ३६ ते ४० मिमीला १२ मिमी. बघा, तीन बिटं झाली. ६ मध्ये देव्हारा, चौरंग आणि छोट्या चौकटी. ८ मध्ये खुर्ची आणि कपाटाची दारं. १२ मध्ये पलंग आणि घराची पॅनेल दारं. याच्या पलीकडचं काम सुरुवातीच्या वर्षात क्वचितच येतं.

५) लांबी. खाच जितकी खोल, तितकी पोच बिटाला हवी. पण गरजेपेक्षा लांब बिट घेऊ नका, लांब बिट जास्त लवतं. आणि बिट वरच्या वर पकडून लांबी वाढवायची नाही. दांड्यावर खूण असेल तर तिथपर्यंत तो कॉलेटमध्ये गेलाच पाहिजे. मात्र तळाला टेकवूनही आवळू नका, दोन-तीन मिमी वर घ्या, नाहीतर कॉलेट नीट आवळलं जात नाही.

६) धातू. हायस्पीड स्टील, कार्बाइडची टीप लावलेलं, आणि पूर्ण कार्बाइडचं, अशा तीन पायऱ्या. सागात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच समजा. ती स्टीलची धार लवकर खाते. सागाचं काम रोज करणार असाल तर कमीत कमी कार्बाइड टीप घ्या. १२ मिमीसारखं रोजचं बिट पूर्ण कार्बाइडचं परवडतं. एक लक्षात ठेवा, कार्बाइड कडक असतं तसंच ठिसूळही असतं. फरशीवर पडलं की टवका उडतो. बिटं डब्यात एकमेकांवर आपटत ठेवू नका. लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून त्यात उभी ठेवा.

आता हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या वहीतले आकडे टाका, पद्धत हीच ठेवा.

समजा पन्नास बिटांचा सेट १,५०० रुपयांना पडला. त्यातली खाचेला चालणारी बिटं दोन. सागात प्रत्येकी ४० खाचा बऱ्या पडल्या आणि मग धार गेली. म्हणजे ८० खाचा. एका खाचेला जवळजवळ १९ रुपये.

समजा पूर्ण कार्बाइडचं १२ मिमी अपकट बिट १,२०० रुपयांना पडलं आणि ६०० खाचा चाललं. एका खाचेला २ रुपये.

नगाची किंमत बघितली तर सेटमधलं बिट ३० रुपयांचं आणि हे १,२०० चं. खाचेची किंमत बघितली तर उलटं. मी माझ्या सगळ्या प्रशिक्षणांत हेच सांगतो, हत्याराची किंमत नगावर मोजू नका, कामावर मोजा.

पण खरा खर्च तर अजून धरलाच नाही. तो म्हणजे वाया गेलेलं लाकूड. दाराची एक उभी पट्टी ७ फूट लांब, ४ इंच रुंद, दीड इंच जाड धरा. सात गुणिले चार गुणिले दीड, भागिले १४४. साधारण ०.२९ घनफूट झाली. साग ३,००० रुपये घनफूट धरला तर एका पट्टीत ८७५ रुपयांचं लाकूड आहे, तेही रंधा मारायच्या मजुरीशिवाय. त्या पट्टीतली शेवटची खाच बोथट बिटाने तिरकी गेली, तर सगळी पट्टी गेली. बिटात वाचवलेले पैसे एका दुपारी परत गेले.

आणि साग बिलाशिवाय, वाहतूक परवान्याशिवाय घेऊ नका. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून धंदा करायचा तर हा कागद बिटापेक्षाही आधीचा. स्वस्तात मिळालेलं बिनकागदाचं लाकूड तुमचं युनिट बंद पाडू शकतं.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त का लागू आहे

पुण्यामुंबईच्या माणसाचं बिट तुटलं तर तो गाडी काढून दुकानात जातो. धडगावात किंवा मोलगीत काम करणाऱ्याचं बिट तुटलं तर? नंदुरबारला उतरायचं, तिथं त्या मापाचं मिळालं तर ठीक, नाहीतर रेल्वेने सुरत गाठायची किंवा ऑनलाइन मागवून वाट बघायची. तेवढे दिवस मशीन बंद, मजूर बसून, आणि गिऱ्हाइकाचा फोन चालू.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा. पहिली, आपल्या सगळ्या वस्तूंचे सांधे ठरलेल्या दोन-तीन रुंदीतच बसवा. डिझाइन बदला, खाचेची रुंदी बदलू नका. मग एकाच मापाचं बिट दारालाही चालतं आणि पलंगालाही. दुसरी, जे माप सर्वात जास्त चालतं त्याचं एक जादा बिट कायम ठोकळ्यात उभं ठेवा. सेटचे पैसे वाचले त्यातून हे जादा बिट येतं.

आपल्याकडे कामाचा हंगामही ठरलेला आहे. ऊसतोडीला, गुजरातेत कामाला गेलेली मंडळी होळीला घरी येतात, भोंगऱ्या भरतो, पाठोपाठ लग्नं लागतात. हातात पैसा तेव्हाच असतो आणि पलंग, कपाट, दार याची मागणीही तेव्हाच. त्या सहा-आठ आठवड्यांत बिटासाठी चार दिवस थांबणं म्हणजे वर्षाची कमाई दारातून परत पाठवणं.

लोक मला काय विरोध करतात

*“पटाशी फुकट आहे, मग बिट कशाला?”* पटाशी फुकट आहे, पण तुमचा वेळ फुकट नाही. घड्याळ लावून एक खाच पटाशीने पाडा, एक राऊटरने. जी वेळ वाचते तिला तुमच्या रोजाने गुणा. महिन्याला चार खाचा पाडणार असाल तर खरंच पटाशी पुरे, राऊटरही घेऊ नका. आठवड्याला एक दार आणि एक पलंग जात असेल तर राऊटर घ्या. तरी पटाशी सुटत नाही. राऊटरच्या खाचेची टोकं गोल येतात. एकतर ती पटाशीने चौकोनी करा, नाहीतर टेननचे कोपरे कानशीने गोल करा. मी दुसरा मार्ग सुचवतो, तो लवकर होतो आणि सांध्याची ताकद कमी होत नाही.

*“ट्रिमर घेतलाय, त्यावरच सगळं होईल.”* होणार नाही. ट्रिमर हे एका हातात मावणारं, लॅमिनेटच्या कडा छाटायचं मशीन. प्लंज बेस लावून त्यावर ६ मिमीची, वीसेक मिमी खोल खाच निघते. देव्हारे, चौरंग करणाऱ्याला ते पुरतं. पण १२ मिमीची, ४५ मिमी खोल खाच पाडायला मोठा प्लंज राऊटरच पाहिजे. आणि प्लंज बेस नसताना ट्रिमर तिरका करून लाकडात घुसवणारे मी बघितलेत. कृपा करून तसं करू नका.

*“चौकटीच्या खाचा पण राऊटरनेच पाडू.”* इथं माझं उत्तर नाही असंच आहे. चार बाय तीन इंची दाराच्या चौकटीत खाच इंचभर रुंद आणि बरेचदा आरपार जाते. तेवढी पोच राऊटरच्या बिटाला नसते. ते ड्रिल आणि पटाशीचं काम आहे, नाहीतर चेन मॉर्टायझरचं. पण चौकटीची कामं नियमित मिळायला लागेपर्यंत ते मशीन विकत घेऊ नका. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून जॉबवर्कने खाचा पाडून घ्या आणि खर्च लिहून ठेवा. त्या खर्चाची बेरीज मशीनच्या हप्त्याला गाठायला लागली की मगच विचार करा.

बिट जास्त दिवस कसं टिकतं

चांगलं बिट घेऊन वाईट वापरलं तर माझा वरचा सगळा हिशेब कोसळतो. म्हणून थोडक्यात पद्धत.

एका दमात पूर्ण खोली गाठू नका. सागात एका फेरीला बिटाच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त उतरू नका. १२ मिमी बिटाला ६ मिमी, ६ मिमी बिटाला ३ मिमी. म्हणजे ४५ मिमीची खाच आठ फेऱ्यांत. जास्त वाटतात, पण सवय झाली की भराभर होतात. आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडून घेतली तर बिटाला निम्मंच काम उरतं आणि ते दुप्पट टिकल्यासारखं वाटतं.

साइड गाइड आपल्या उजव्या हाताला ठेवा आणि राऊटर पुढे ढकला. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, त्यामुळे या दिशेने ते स्वतःच गाइडला लाकडावर ओढून धरतं. उलट दिशेने गेलात तर गाइड सुटतो आणि खाच वाकडी होते.

या तीन मापांसाठी वेग १८,००० ते २४,००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, आणि बिटावर किंवा पाकिटावर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. एका जागी थांबू नका, लाकूड जळतं. तुमच्या गावात व्होल्टेज पडत असेल तर मशीन दमतंय हे आवाजावरून कळतं. अशा वेळी जोर लावू नका, फेरी अजून उथळ घ्या.

बिट बदलताना प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. चष्मा, कानाला मफ, तोंडाला मास्क. सागाचा बारीक भुसा अनेकांना सोसत नाही, त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो. कामगार ठेवला असेल तर त्याचाही चष्मा तुम्हीच घ्यायचा. तो खर्च युनिटचा आहे.

संध्याकाळी बिटावरचा चिकटा पुसा. बोथट वाटणाऱ्या बिटाला कित्येकदा फक्त राळ चिकटलेली असते, धार शाबूत असते.

योजनेचे पैसे कुठे घालायचे

सुतारांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. सुरुवातीचं प्रशिक्षण आणि त्या काळात रोज ५०० रुपये, टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने कर्ज, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, ते फेडलं की दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत, अशी तिची रचना आहे. नोंदणी सीएससी केंद्रातून होते. अटी आणि सध्याची स्थिती तिथं किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

यावरही माझं मत आहे. कर्ज स्वस्त असलं तरी ते कर्जच. पहिला लाख मिळाला की सगळ्यात मोठं मशीन घ्यायचा मोह होतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा लाकूड आणि खेळत्या भांडवलाला ठेवा. हत्यारांत एक बरा प्लंज राऊटर, बरोबर मापाचं कॉलेट, तीन बिटं, एक जादा, दोन-चार चांगले क्लॅम्प. क्लॅम्पचं नाव मुद्दाम घेतोय, कारण लाकूड हललं तर जगातलं कुठलंही बिट सरळ खाच पाडत नाही. हप्ता विकल्या गेलेल्या पलंगातून फिटतो, पेटीतल्या न वापरलेल्या बिटातून फिटत नाही.

या आठवड्याचं काम

वाचून सोडू नका. एक वही घ्या आणि एवढं करा.

पहिलं, पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही विकणार त्या तीन वस्तूंची नावं लिहा. फक्त तीन.

दुसरं, प्रत्येक वस्तूच्या पट्टीची जाडी लिहा, तिला तीनने भागा, आणि जवळचं बिटाचं माप पुढे लिहा.

तिसरं, तुमच्या राऊटरच्या कॉलेटवरचं माप बघा आणि मोठ्या अक्षरात लिहा. मशीन अजून घेतलं नसेल तर आधी बिटाची मापं ठरवा, मग ती घेणारं मशीन शोधा.

चौथं, बिट हातात आलं की पहिली खाच टाकाऊ तुकड्यात पाडा. त्या खाचेत हाताच्या दाबाने सरकत बसेल असं टेनन करा. हातोडा मारावा लागला तर घट्ट आहे, आपोआप पडलं तर सैल आहे. जमलेला तो जोड जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक सांध्याचं तेच तुमचं माप.

पाचवं, त्या बिटाने पाडलेल्या खाचांच्या रेघा वहीत ओढत जा. बिट संपेल त्या दिवशी किमतीला रेघांनी भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा खर्च. पुढच्या वेळी कोणी स्वस्त बिट दाखवलं की तो आकडा काढा आणि मगच बोला.

पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून पॅनेलच्या दाराचा भाव गिऱ्हाइकाला कसा सांगायचा ते बघू, सांध्याची मजुरी वेगळी दाखवून. तोपर्यंत तीन वस्तूंची यादी तयार ठेवा.